मुलाखतीचा सांधा: डिझॉल्व्ह की सरकवलेला कट?

व्हिडिओ मुलाखत कापून झाली की प्रत्येक सांध्यावर एकच प्रश्न येतो. इथे क्रॉस डिझॉल्व्ह (एक चित्र विरत जातं आणि त्यावर दुसरं उमटतं) टाकायचा, की कट तसाच ठेवून चित्र आवाजाच्या थोडं पुढे-मागे सरकवायचं? ठाण्यात नौपाड्यातल्या जुन्या रहिवाशांशी झालेल्या गप्पा मी दोन्ही तऱ्हांनी जोडून पाहिल्या आहेत. दोन खुर्च्या, दोन कॅमेरे. तुमचंही साधारण असंच असेल असं धरून लिहितो.

डिझॉल्व्ह सोपा आहे आणि काही जागी तोच हवा. सकाळचं बोलणं संपून संध्याकाळचं सुरू होतं, किंवा लहानपणाचा विषय मिटून नोकरीचा निघतो, तिथे अर्ध्या-एक सेकंदाचा डिझॉल्व्ह छान बसतो. मध्ये वेळ गेला हे बघणाऱ्याला न सांगता कळतं.

माझं मन फिरलं ते मात्र एका त्रासामुळे. डिझॉल्व्हला कटच्या पलीकडचं चित्र लागतं. 25 फ्रेमचा (सेकंदाला 25 फ्रेम धरल्या तर एका सेकंदाचा) डिझॉल्व्ह कटच्या मध्यावर बसवला, तर पहिल्या क्लिपच्या बारा-तेरा फ्रेम कटनंतरच्या दिसतात आणि दुसऱ्या क्लिपच्या तेवढ्याच कटआधीच्या. म्हणजे नेमकं आपण जे काढून टाकलं तेच. आजोबांचं वाक्य संपतं, पुढचं ‘म्हणजे कसं आहे ना’ आपण उडवलेलं असतं. आवाज जातो, पण ‘म’साठी मिटलेले ओठ दिसतातच, आणि त्यांच्यावर प्रश्न विचारणाऱ्याचा चेहरा चढत जातो. डिझॉल्व्ह कटवर संपेल असा मागे घेतला तर आजोबांचे ओठ सुटतात, पण समोरच्याचं कापलेलं खाकरणं वर येतं. लांबी सहा-आठ फ्रेमवर आणली की खटकणं कमी होतं, जात नाही. शिवाय नंतर एखादा शब्द आणखी छाटला की सांधा पुन्हा तपासायला लागतो. तासाभराच्या गप्पांमध्ये हे फार होतं.

सरकवलेल्या कटमध्ये हा त्रास कमी होतो, कारण दोन चेहरे एकमेकांवर कधी येतच नाहीत. एडिटिंगचा प्रोग्राम प्रीमियर असो की दा विंची रिझॉल्व्ह, ऑल्ट दाबून फक्त चित्राचा कट ओढायचा, आवाजाचा जागेवर ठेवायचा. पुढचा प्रश्न ऐकू येतो तेव्हा पडद्यावर अजून आजोबाच असतात, ऐकताना त्यांच्या भुवया किंचित वर जातात, आणि मग चित्र बदलतं. गप्पांचा जीव मला त्या ऐकणाऱ्या चेहऱ्यात वाटतो. फक्त सरकवलेल्या भागात कापलेलं चित्र थोडं दिसतंच, म्हणून तिथे ऐकणाऱ्याचे ओठ हलत नाहीत ना, हे बघावं.

स्टेशन जवळ असल्यामुळे लोकलचा आवाज आमच्या प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये आहे. चित्र आणि आवाज एकाच क्षणी तुटले की तो धडधडाट मध्येच थांबलेला लगेच कळतो. चित्र आधी बदललं आणि आवाज मागून हळूच उतरला, तर माझ्या कानाला तरी ते जाणवत नाही. आवाजाच्या कटवर दोन-तीन फ्रेमचा क्रॉसफेड (एक आवाज उतरत दुसरा चढणं) मात्र द्यावाच, नाहीतर टक्‌ असा आवाज राहू शकतो.

या पद्धतीला वेळ जास्त लागतो, प्रत्येक सांधा ऐकून बसवावा लागतो. आणि दोन कोन हवेत. एकच मोबाइल असेल आणि दोघं एकाच चौकटीत असतील, तर 4के मध्ये (1080 च्या दुप्पट रुंदी-उंचीत) चित्रित करून 1080 च्या टाइमलाइनवर आणा. प्रत्येकाचा वेगळा जवळचा शॉट कापता येतो, दुपटीपर्यंत मोठं केलं तरी तपशील टिकतो. एकाच माणसाच्या एकाच शॉटमधून शब्द काढायचा असेल तर प्रीमियरमधला मॉर्फ कट किंवा रिझॉल्व्हमधला स्मूथ कट (मधल्या फ्रेम तयार करून झटका लपवणारे इफेक्ट) वापरून बघायला हरकत नाही. कॅमेरा स्थिर, मागची भिंत स्थिर आणि बोलणारा शांत बसलेला असेल तर ते चांगलं जमतं. हातवारे करत रंगात येणाऱ्या माणसासाठी मी दुसऱ्या कोनावरच जाईन.

उद्याच द्यायचं असेल तर विषय बदलतात तेवढ्या चार-पाच जागी डिझॉल्व्ह ठेवा, बाकी साधे कट. एक-दोन दिवस हाताशी असतील तर त्या साध्या कटांपैकी प्रश्न-उत्तराचे आधी घ्या आणि चित्र दहा-बारा फ्रेम उशिरा बदलून बघा.