मर्फींचा माग: डीएनए चाचण्या आणि आयरिश दप्तर, आठ महिन्यांच्या वापरानंतर

डीएनए चाचणी नातं सांगते, गाव सांगत नाही. आणि आयरिश पूर्वजांच्या शोधात गाव, तेही थेट टाउनलँडपर्यंत (आयर्लंडमधला जमिनीचा सर्वांत लहान अधिकृत विभाग), हाती लागल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. म्हणून पैसे भरायची घाई करू नका. आधी फुकटचं दप्तर चाळा.

मर्फी हे आयर्लंडमधलं सर्वांत जास्त आढळणारं आडनाव. मूळ रूप 'ओ मुराखू', म्हणजे मुराखा नावाच्या पुरुषाचा वंशज. हे आडनाव वेक्सफर्ड आणि स्लायगोत स्वतंत्रपणे रुजलं; टिरोनमधले तर मुळात 'ओ' (वंशज) नव्हे, 'मॅक' (मुलगा) लावणारे. सगळे पाटील एका घरातले नसतात, तसेच सगळे मर्फीही.

1901 आणि 1911 ची जनगणना नॅशनल आर्काइव्ह्जच्या संकेतस्थळावर मोफत आहे. 1911 चा अर्ज जास्त मोलाचा, कारण त्यात विवाहितेला लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली आणि हयात किती, हे विचारलं होतं. वयांवर मात्र भिस्त ठेवू नका. 1909 पासून सत्तरीनंतर पेन्शन सुरू झाली आणि दहा वर्षांत माणसं पंधरा वर्षांनी म्हातारी झालेली दिसतात. 1901 आधीच्या जनगणना जवळजवळ गेल्याच: 1821 ते 1851 च्या बहुतेक 1922 मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समधल्या आगीत, 1861 ते 1891 च्या सरकारनेच नष्ट केल्या.

म्हणून 1901 वरून थेट ग्रिफिथच्या मूल्यांकनावर, म्हणजे कर बसवण्यासाठी केलेल्या जमीन-घरांच्या नोंदीवर, यावं लागतं (1847 ते 1864). त्यात फक्त कुटुंबप्रमुख सापडतो, पण जमिनीसकट. एकाच टाउनलँडमध्ये तीन जॉन मर्फी असले, तर कारकुनाने नावापुढे कंसात बापाचं नाव किंवा 'रेड'सारखं टोपणनाव टाकलेलं असतं. लोक हा कंस वाचतच नाहीत, आणि अख्खी फांदी चुकीच्या जॉनला जोडून बसतात. डावीकडच्या रकान्यातला आकडा नकाशावरचा तुकडा दाखवतो, लहान अक्षर त्यावरचं घर. हे मूल्यांकन पुढे अद्ययावत ठेवणाऱ्या दुरुस्ती वह्यांत मालक बदलला की जुनं नाव खोडून वेगळ्या रंगाच्या शाईने नवं लिहिलेलं असतं. बाप कधी गेला याचा अंदाज तिथे लागतो. उत्तर आयर्लंडच्या सहा काउंट्यांच्या (जिल्ह्यांच्या) वह्या तिथल्या सरकारी अभिलेखागाराच्या, म्हणजे प्रोनीच्या, संकेतस्थळावर फुकट पाहता येतात.

कॅथलिक चर्चच्या वह्यांची छायाचित्रं नॅशनल लायब्ररीने 2015 मध्ये खुली केली. त्यांत बरीच नावं लॅटिनमध्ये आहेत: जेम्सचा जाकोबुस, विल्यमचा गुलिएल्मुस. नोरा तिथे होनोरा असते. 1864 पासूनच्या सरकारी नोंदीत जन्मतारीख बाप्तिस्म्याच्या नंतरची दिसली तर गोंधळू नका. उशिराचा दंड चुकवायला पालक तारीख पुढे ढकलत. बाप्तिस्म्याची तारीख खरी धरावी.

आता चाचण्या. थुंकीच्या नळीआधी अर्धा तास काही खाऊ-पिऊ नये. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाची चाचणी आधी करा, एक पिढी आपोआप मागे जाते. सख्ख्या चुलत भावंडांत साधारण 850 सेंटिमॉर्गन (सामायिक डीएनए मोजायचं एकक) जुळतात, त्यांच्या मुलांमध्ये आपसांत (सेकंड कझिन) 230 च्या आसपास. त्यापुढे चिठ्ठी टाकल्यासारखं असतं: चौथ्या पायरीच्या चुलतांपैकी (फोर्थ कझिन) निम्म्यांत काहीच जुळत नाही. 'जुळणी नाही म्हणजे नातं नाही' असा अर्थ इथे काढू नये. ॲन्सेस्ट्री ही चाचणी कंपनी बाहेरची फाइल घेत नाही, त्यामुळे चाचणी तिथे करून तीच फाइल जेडमॅच या वेगवेगळ्या कंपन्यांच्या फाइली जुळवणाऱ्या संकेतस्थळावर चढवणं स्वस्त पडतं.

आडनावाचा प्रश्न वाय-डीएनएच (पुरुषांतल्या वाय गुणसूत्राचा डीएनए) सोडवतो, कारण तो बापाकडून मुलाकडेच जातो. स्त्रीला शोध घ्यायचा असेल तर भाऊ, वडील किंवा काकांचा नमुना लागतो. वाय-37 ही साधी चाचणी फक्त ढोबळ गट दाखवते. एका मर्फी शाखेपासून दुसरी वेगळी काढायला बिग वाय-700 ही सखोल चाचणी हवी. ती महाग आहे, आणि कागदावर सिद्ध झालेल्या निदान दोन शाखांचे पुरुष तयार असतील तरच घ्यावी. अहवालात एम222 हे वाय-डीएनएमधलं म्युटेशन (बदल) आलं म्हणून आयर्लंडच्या प्राचीन नायल राजाचे वंशज ठरत नाही. ते म्युटेशन नायलपेक्षा जुनं आहे.

एखादा मर्फी आयर्लंडच्या कागदांतून अचानक गायब झाला, तर ब्रिटिश पलटणीत भरती झाला का ते पाहा. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात एन/3 मालिकेत आहेत. नोंदीत पलटण सापडली, की लंडनमधल्या क्यू इथल्या ब्रिटिश नॅशनल आर्काइव्ह्जच्या डब्ल्यूओ 97 या सैनिकी मालिकेत त्याची निवृत्तीची कागदं शोधा. त्यांत जन्माचा पॅरिश (चर्चचा परगणा) लिहिलेला असतो.