जायंट्स कॉजवे: बसपेक्षा पायीच जा

उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्यावर सुमारे 6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना आकसला, तडकला आणि बेसाल्टचे जवळपास 40,000 खांब तयार झाले, बहुतेक षटकोनी. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिलेल्यांना ही रचना ओळखीची वाटेल, पण इथे खांबांच्या माथ्यांवरून थेट समुद्रापर्यंत चालता येतं.

खडकांपर्यंत पायी जायला तिकीट नाही. पैसे पार्किंग आणि अभ्यागत केंद्राचे. केंद्रापासून उताराचा डांबरी रस्ता साधारण 20 मिनिटांचा. शटल बस आहे, पण ती परतीच्या चढासाठीच घ्यावी. पायी जाताना कड्यातले लाव्हाचे थर नीट दिसतात. गुडघे ठीक असतील तर खडकांपाशी न थांबता पुढे ‘ऑर्गन’ नावाचे उंच खांब बघा आणि शेफर्ड्स स्टेप्सच्या 162 पायऱ्या चढून कड्यावरून परता. खरी मजा याच फेरीत आहे.

पाण्यालगतचे काळे, ओले दगड फार निसरडे असतात, तिथे जाऊ नका. लाटा अचानक वर येतात. आणि फटींत नाणी मुळीच खोचू नका: ती गंजून फुगतात नि खडकाचे टवके उडतात.