पतसंस्थेचं जुनं फॉक्सप्रो सॉफ्टवेअर: ठेवायचं, तयार पॅकेज घ्यायचं, नव्याने लिहायचं की थोडं थोडं हलवायचं?

व्हिज्युअल फॉक्सप्रो म्हणजे नोंदी साठवणारे प्रोग्रॅम लिहिण्याचं मायक्रोसॉफ्टचं जुनं साधन. त्याची शेवटची आवृत्ती, ९.०, डिसेंबर २००४ मध्ये आली. पुढची आवृत्ती निघणार नाही हे मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये सांगून टाकलं आणि १३ जानेवारी २०१५ ला उरलासुरला सपोर्टही बंद झाला. तरी मी ज्या पतसंस्थांमध्ये काम केलं, त्यांतल्या अनेकांची रोजकीर्द अजून त्यातच लिहिली जाते. पिग्मीचा भरणा, मुदत ठेवीच्या पावत्या, दंडव्याज, तेरीज सगळं त्यातच. संचालक मंडळाच्या बैठकीत मग कधीतरी विषय निघतो: हे किती दिवस चालवायचं?

चार वाटा आहेत. त्या सगळ्यांना सारख्याच योग्य नाहीत, आणि माझं मत एका बाजूला झुकलेलं आहे. ते मी लपवणार नाही.

आहे तसंच ठेवणं

ही वाट वाटते तितकी वाईट नाही. फॉक्सप्रो ९ हा ३२ बिटचा प्रोग्रॅम आहे आणि तो विंडोज ११ वर चालतो. अडचण त्याहून जुन्या, विंडोजच्या आधीच्या डॉसवरच्या फॉक्सप्रोची आहे. ६४ बिट विंडोजवर डॉसचे प्रोग्रॅम चालत नाहीत आणि विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही. तुमचा प्रोग्रॅम डॉसचा असेल तर ही वाट जवळपास संपली आहे.

फॉक्सप्रोचं एक टेबल, म्हणजे नोंदींची एक फाइल, दोन जीबीच्या पुढे जात नाही, ही भीती अनेकांना घातली जाते. मर्यादा खरी आहे, पण हिशोब करून बघा. एक नोंद १०० बाइटची धरली तर दोन जीबीत दोन कोटींहून जास्त नोंदी बसतात. रोज हजार व्यवहार आणि वर्षाला ३०० दिवस काम धरलं तर सत्तर वर्षं लागतील. सभासदांचे फोटो आणि सह्या मेमो फील्डमध्ये, म्हणजे टेबलासोबतच्या वेगळ्या फाइलीत, ठेवल्या असतील तर मात्र गोष्ट वेगळी. प्रत्येकी ५० केबी धरली तर सुमारे ४० हजार चित्रांतच ती फाइल भरते.

खरा धोका दुसरीकडे आहे. फॉक्सप्रोची टेबलं ज्यात असतात त्या डीबीएफ फाइली एका शेअर केलेल्या फोल्डरमध्ये असतात आणि काउंटरवरच्या प्रत्येक संगणकाला तिथे लिहिण्याची परवानगी द्यावीच लागते. म्हणजे लॉगिनला पासवर्ड असला तरी फाइल थेट उघडता येते, पेन ड्राइव्हवर नेता येते आणि एका संगणकात शिरलेला व्हायरसही तिथपर्यंत पोचू शकतो. वीज अचानक गेली की इंडेक्स, म्हणजे नोंदी शोधायची सूची, बिघडू शकतो, मग सगळ्यांना बाहेर काढून ती पुन्हा बनवायची. ठेवीदारांचा पैसा ज्या नोंदींवर उभा आहे, त्या अशा उघड्यावर असणं मला झोप लागू देत नाही.

तरीही संस्था लहान असेल, शाखा एकच असेल, प्रोग्रॅम लिहिणारा माणूस हाताशी असेल आणि रोजचा बॅकअप इमारतीबाहेर जात असेल, तर अजून दोन वर्षं थांबायला हरकत नाही. घाईत घेतलेल्या निर्णयापेक्षा ते बरं.

तयार पॅकेज

मनुष्यबळ नसलेल्या संस्थेला हाच रस्ता सोपा पडतो. मोबाइलवर पिग्मी वसुली, एसएमएस, लेखापरीक्षणाचे रिपोर्ट हे सगळं आयतं मिळतं. किंमत विचारण्याआधी विक्रेत्याला दोन गोष्टी विचारा: उद्या करार मोडला तर आमचा सगळा डेटा कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत परत द्याल? आणि आमच्या व्याजाच्या नियमांसाठी पॅकेज बदलाल, की आम्ही नियम बदलायचे? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नुसतं ‘सगळं होतं’ असं आलं तर मागच्या वर्षीच्या शंभर मुदत ठेवी त्यांच्यासमोर ठेवा आणि व्याज काढून दाखवायला सांगा.

सगळं नव्याने लिहिणं

नवा प्रोग्रॅमर आला की पहिल्याच आठवड्यात हे सुचवतो. जुना कोड वाचायला किचकट असतो, नवा लिहायला आनंद होतो. पण तो किचकटपणा बहुतेक वेळा संस्थेच्या निर्णयांचा साठा असतो.

एका संस्थेत मी नव्या आणि जुन्या प्रणालीचं व्याज ताडून पाहत होतो. काही ठेवींमध्ये चार-पाच रुपयांचा फरक येत होता. दोन दिवस मी नव्या कोडमधली चूक शोधत बसलो. शेवटी जुन्या कोडमध्ये एक अट सापडली: मुदत सुट्टीच्या दिवशी संपली तर कामाच्या पुढच्या दिवसापर्यंतचं व्याज द्यायचं. ठराव बऱ्याच वर्षांपूर्वीचा होता. आताच्या संचालकांपैकी कोणालाच तो आठवत नव्हता. निवृत्त झालेल्या वसुली अधिकाऱ्यांना फोन केला, तेव्हा त्यांनी लगेच सांगितलं. ठेवीदाराला दिलेला तो शब्द वीस वर्षं फक्त त्या एका ओळीमुळे पाळला गेला होता.

एकाच रात्रीत जुनं बंद करून नवं चालू करण्याचं काय होतं, ते ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये अनुभवलं. एका शनिवार-रविवारात सगळी खाती नव्या प्रणालीवर नेली आणि लाखो ग्राहकांना आपलीच खाती उघडता येईनात. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी तिला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड केला. पैसा आणि माणसं भरपूर असलेल्या बँकेचं हे झालं. पतसंस्थेत सोमवारी सकाळी काउंटर बंद राहिलं तर गावात काय बोललं जाईल, हे वेगळं सांगायला नको.

थोडं थोडं हलवणं

माझा कौल इथे: जुनं चालू ठेवून त्याच्याभोवती नवं वाढवायचं आणि जुन्याचा एकेक भाग बंद करत जायचं. पक्ष्याने टाकलेलं बी ताडाच्या बेचक्यात रुजतं, वडाच्या मुळ्या खाली उतरतात आणि काही वर्षांनी ताड दिसेनासा होतो, हे आपण पाहिलेलं असतं. सॉफ्टवेअरवर लिहिणारे मार्टिन फाउलर यांनी २००४ मध्ये या पद्धतीला ‘स्ट्रँगलर’ हे नाव दिलं ते ऑस्ट्रेलियातल्या अशाच झाडांवरून.

क्रम असा ठेवावा. आधी फक्त वाचणारे भाग, म्हणजे रिपोर्ट आणि याद्या, नव्यात घ्या. ते चुकले तरी पैसा हलत नाही. मग टेबलं पोस्टग्रेस किंवा एसक्यूएल सर्व्हर अशा डेटाबेस सर्व्हरवर न्या आणि फॉक्सप्रोचे स्क्रीन ओडीबीसी या जोडणीने त्यालाच जोडा. क्लार्कला काही बदललेलं दिसत नाही, पण उघड्या फोल्डरचा धोका तिथेच संपतो. हे एकच पाऊल टाकून थांबलात तरी मोठी कमाई आहे. मग नोंदीचे स्क्रीन एकेक करून, आणि व्याजाचा भाग सर्वांत शेवटी.

मराठी नावांसाठी वेगळा वेळ राखून ठेवा. श्रीलिपी किंवा सीडॅकच्या जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं जशी दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. ‘शिर्के’ हे नाव घ्या. जुन्या फाइलमध्ये आधी वेलांटी, मग श, मग के आणि शेवटी रफार. युनिकोडमध्ये आधी श, मग वेलांटी, मग र्, मग के. रूपांतर करणारी साधनं रफार आणि जोडाक्षरांपाशीच चुकतात. म्हणून नावांची छापील यादी शाखेतल्या जुन्या माणसाकडून तपासून घ्या आणि जुना रकाना निदान एक वर्ष पुसू नका. पावतीवर नाव चुकलं तर ठेवीदाराला रक्कमही चुकली असेल अशी शंका येते, आणि ते स्वाभाविक आहे.

या वाटेचा दोष म्हणजे ती लांब आहे. दोन प्रणाली शेजारी शेजारी चालतात आणि शिल्लक नेमकी कुठली खरी, यावर भांडण होऊ शकतं. प्रत्येक आकड्याचा मालक एकच, हा नियम पहिल्या दिवसापासून लेखी हवा. दुसरं म्हणजे काम अर्ध्यात थांबण्याची भीती. मंडळाची मुदत पाच वर्षांची, नवं मंडळ आलं की प्राधान्य बदलतं. म्हणून टप्पे असे आखा की प्रत्येक टप्प्यानंतर संस्था आहे तिथे सुखाने थांबू शकेल. आणि जुनी-नवी प्रणाली समांतर चालवताना त्यात एक ३१ मार्च आलाच पाहिजे. लाभांश, तरतुदी, थकीत व्याज हे सगळं त्याच आठवड्यात उघडं पडतं.

कोणतीही वाट घ्या, पुढच्या बैठकीआधी एक काम करून ठेवा. सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर, कुठे आहे ते शोधा, तो दुसऱ्या संगणकावर कंपाइल करा आणि त्यातून बनलेला प्रोग्रॅम काउंटरवरच्या प्रोग्रॅमइतकंच व्याज काढतो का ते पाहा. कोड सापडलाच नाही तर रीफॉक्ससारख्या साधनाने एक्झी फाइलमधून बराचसा परत मिळतो, पण मूळ लिहिणाऱ्याची परवानगी आधी घ्या. तो माणूस अजून फोन उचलत असेल, तर त्याला चहाला बोलवा आणि सोबत वही घेऊन बसा.