वर्गासाठी व्हॉट्सअ‍ॅप, गूगल क्लासरूम की प्लिकर्स?

विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचा मागोवा घेण्यासाठी कोणते साधन निवडावे, हे ठरवण्याआधी मुख्याध्यापकांनी आणि वर्गशिक्षकांनी आपल्याला नेमके काय जाणून घ्यायचे आहे, हे निश्चित करावे. सूचना पालकांपर्यंत पोहोचली का, स्वाध्याय पूर्ण झाला का आणि मुलाला घटक समजला का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत, आणि सर्वांच्या हाताशी असलेले व्हॉट्सअ‍ॅप त्यांपैकी केवळ पहिल्याचे उत्तर नीट देते.

ते उत्तर मात्र ते फार चांगले देते. नाशिकमधील सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीवर जाणारे पालक ई-मेल क्वचितच उघडतात, पण व्हॉट्सअ‍ॅप पाहतात. वाचनाची सवय नसलेल्या आईला शिक्षकांचा आवाजी संदेश ऐकता येतो. अडचणी सुरू होतात त्या याच ग्रुपवर अभ्यास तपासू लागल्यावर. वह्यांचे फोटो एकाखाली एक येत राहतात, त्यांत शुभेच्छा आणि फॉरवर्ड मिसळतात, आणि महिन्याभराने एखाद्या मुलीचा कोणता स्वाध्याय राहिला होता हे पाहायचे झाले तर शिक्षकांना शेवटी स्वतःची नोंदवहीच उघडावी लागते. त्याहून गंभीर बाब ही की ग्रुपवरचा प्रत्येक शेरा सर्वांसमोर असतो. घटक चाचणीच्या गुणांची यादी ग्रुपवर टाकण्याची पद्धत मला पूर्णपणे चुकीची वाटते. ज्या मुलाला आधाराची सर्वाधिक गरज आहे, त्याचीच चारचौघांत नाचक्की होते आणि पुढे ते मूल अडचण सांगण्याऐवजी लपवू लागते. साध्या ग्रुपमध्ये सदस्यांचे मोबाइल क्रमांक एकमेकांना दिसतात, तेही अनेक मातांना रुचत नाही. म्हणून ग्रुप ठेवावा, पण संदेश पाठवण्याची मुभा फक्त अ‍ॅडमिनला द्यावी आणि त्याचा उपयोग सूचनांपुरताच करावा.

दुसऱ्या प्रश्नासाठी, म्हणजे स्वाध्यायाच्या नोंदीसाठी, 2014 मध्ये सुरू झालेले गूगल क्लासरूम सरस ठरते. कोणी काम सादर केले, कोणाचे राहिले, कोणाचे उशिरा आले हे शिक्षकांना एकत्र दिसते, आणि शेरा व गुण फक्त त्या विद्यार्थ्यालाच कळतात. मराठी माध्यमाच्या मुलांना वहीत लिहून तिचा फोटो जोडता येतो, त्यामुळे टंकलेखनाचा अडसर राहत नाही. मात्र आपल्याकडे तेरा वर्षांखालील मुलाला स्वतःचे स्वतंत्र गूगल खाते उघडता येत नाही. शाळेने शैक्षणिक खाती काढून दिली तरच खालच्या इयत्तांत याचा विचार करावा. पालकांना जाणारा गोषवाराही अशा शालेय खात्यांतूनच आणि ई-मेलने जातो. घरातला एकमेव फोन वडिलांबरोबर कामावर जात असेल, तर मुलाला रात्रीपर्यंत थांबावे लागते, आणि क्लासरूममध्ये ‘सादर नाही’ असे दिसते तेव्हा ती मुलाची कुचराई आहे की फोनची अनुपस्थिती, हे त्या नोंदीवरून कळत नाही.

तिसरा प्रश्न, म्हणजे मुलाला घटक समजला का, मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि पेठ-सुरगाण्यातील ज्या शाळांत मुलांच्या हाती फोन नाहीत, तिथेही त्याचे उत्तर मिळू शकते. प्लिकर्समध्ये प्रत्येक मुलाला क्रमांक असलेले छापील कार्ड मिळते. उत्तराची बाजू वर करून मूल ते धरते आणि शिक्षक आपल्या फोनच्या कॅमेऱ्याने संपूर्ण वर्ग टिपतात. कोणी काय उत्तर दिले ते नावानिशी शिक्षकांना तिथल्या तिथे कळते, तर प्रत्येक कार्डावरची आकृती वेगळी असल्याने शेजाऱ्याचे पाहून उत्तर देणे अवघड जाते. अर्थात, याचा उपयोग प्रश्न कसा रचला आहे यावर अवलंबून आहे. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश यासाठी पाच षष्ठांश या योग्य उत्तराबरोबर दोन पंचमांश हा पर्याय दिला, तर तो निवडणारे मूल अंशात अंश आणि छेदात छेद मिळवते आहे, हे लगेच समजते आणि त्याच तासाला समच्छेद करणे पुन्हा शिकवता येते. निबंध, प्रमेयाची सिद्धता किंवा आकृती यांचा कस मात्र बहुपर्यायी प्रश्नांत लागत नाही.

द्राक्षहंगामात कुटुंबाबरोबर दिंडोरी-निफाडकडे जाणाऱ्या मुलांसाठी कार्ड निरुपयोगी ठरते. तिथे व्हॉट्सअ‍ॅपवरचा थेट संवादच संपर्क टिकवू शकतो.

माझी शिफारस अशी: पहिली ते सातवीपर्यंत प्लिकर्स आणि सूचनांपुरते व्हॉट्सअ‍ॅप, आठवीपासून, घरोघरी फोन मिळत असेल तरच, क्लासरूम. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तींना बालक मानले आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. शाळांना काही सवलती असल्या, तरी पहिल्याच पालकसभेत लेखी संमती घ्यावी. एडमोडो हे जगभरच्या शाळांत वापरले जाणारे व्यासपीठ 2022 मध्ये बंद झाले, हे लक्षात घेऊन प्रत्येक सत्राअखेरीस गुण आणि नोंदी उतरवून शाळेच्या संगणकावर ठेवाव्यात.