समिती, छाननी की ट्रस्ट? वाचनालय-तरणतलावावर लक्ष कोणी ठेवायचं

तुम्ही स्थानिक परिषदेवर नव्यानं निवडून आला असाल, किंवा कारभाराची पद्धत बदलण्यासाठी हरकती-सूचना मागवल्या असतील आणि तुम्ही त्या लिहायला बसला असाल, तर समोर साधारण तीन पर्याय असतात. वाचनालय, तरणतलाव, नाट्यगृह, संग्रहालय, खेळाची मैदानं यांचे निर्णय एका विषय समितीनं मतदानानं घ्यायचे. किंवा कॅबिनेटमधल्या, म्हणजे परिषदेच्या सत्ताधारी सदस्यांच्या छोट्या कार्यकारी मंडळातल्या, एका सदस्यानं घ्यायचे आणि छाननी समितीनं त्याला जाब विचारायचा. किंवा सगळा कारभार एका स्वतंत्र ट्रस्टकडे देऊन परिषदेनं करारावर बोट ठेवून बसायचं. कागदावर तिन्ही नीटनेटके दिसतात. इथे तिघांना एकच प्रश्न विचारला आहे: सदस्याच्या हाती कागद पडतो तेव्हा निर्णय व्हायचा असतो, की होऊन गेलेला असतो?

उदाहरणं ब्रिटनची घेतली आहेत. तिन्ही पद्धती तिथे आलटून पालटून वापरून झाल्या आहेत आणि त्यातल्या फजित्याही जाहीर नोंदींत सापडतात.

या सेवा नजरेतून निसटतात

नळ कोरडे पडले तर संध्याकाळपर्यंत मोर्चा येतो. वाचनालय दोन तास आधी बंद होऊ लागलं तर लोक दारावर चिकटवलेला कागद वाचतात आणि घरी जातात. म्हणूनच पैसा आटला की कात्री आधी इथे फिरते. त्यात कायद्याचंही एक अंतर आहे. इंग्लंडमध्ये 1964 च्या ग्रंथालय-संग्रहालय कायद्यानं ‘सर्वसमावेशक आणि कार्यक्षम’ ग्रंथालयसेवा देणं परिषदेवर बंधनकारक आहे. तरणतलाव आणि क्रीडासंकुल मात्र ऐच्छिक. एकाच समितीच्या टेबलावर दोन्ही विषय येतात, पण एकाच्या पाठीशी कायदा उभा असतो आणि दुसऱ्याच्या पाठीशी फक्त सभासदांची नाराजी.

कायदा पाठीशी असूनही काय होऊ शकतं, ते इंग्लंडमधल्या विरल या भागात दिसलं. तिथल्या परिषदेनं 24 पैकी 11 वाचनालयं बंद करायचं ठरवलं. 2009 मध्ये केंद्र सरकारनं चौकशी लावली. चौकशीचा ठपका साधा होता: कोणत्या भागातल्या लोकांची गरज काय आहे, हे बंद करण्याआधी परिषदेनं पाहिलंच नव्हतं. बेत मागे घ्यावा लागला. ‘गरजेचा आढावा कुठे आहे?’ एवढा एक प्रश्न वेळेवर आणि योग्य टेबलावर विचारला गेला असता, तर चौकशीपर्यंत जायची वेळच आली नसती.

एकच निर्णय, तीन वाटा

समजा, प्रस्ताव असा आहे: तीन लहान शाखा-वाचनालयं संध्याकाळी सातऐवजी पाचला बंद करायची.

विषय समितीत हा प्रस्ताव प्रशासनाच्या टिपणीसह येतो. इंग्लंडमध्ये सभेची कार्यपत्रिका किमान पाच पूर्ण दिवस आधी खुली करावी लागते, त्यामुळे कागद वाचायला अवधी मिळतो. समितीत सगळ्या पक्षांचे सदस्य आपापल्या संख्याबळाप्रमाणे असतात. कोणीही उपसूचना मांडू शकतो: तीनऐवजी दोनच शाखा घ्या, किंवा शाळा सुटल्यावर मुलं जिथे बसतात ती शाखा वगळा. मग मतदान. विरोधी बाकावरच्या नव्या सदस्यालाही निर्णयाचा एखादा कोपरा फिरवता येतो. या पद्धतीची खरी ताकद हीच.

दुखणीही आहेत. समिती फरशीच्या रंगावर अर्धा तास वाद घालते आणि दहा वर्षांचा देखभाल करार ‘ऐनवेळचे विषय’ म्हणून पाच मिनिटांत निघून जातो. जबाबदारी विरघळते, पुढच्या वर्षी विचारायला जावं तर उत्तर एकच, ‘समितीनं ठरवलं होतं’. सर्वांत मोठी अडचण म्हणजे पैशाचा निर्णय बहुतेक वेळा दुसऱ्याच समितीत आधीच झालेला असतो. मग सांस्कृतिक समितीच्या हातात उरतं ते फक्त कुठल्या शाखेचे तास कापायचे एवढंच. उपसूचनेचा हक्क शाबूत, पण उपसूचनेला पैसा नाही.

कॅबिनेट पद्धतीत हाच निर्णय सांस्कृतिक खात्याचा सदस्य घेतो, कधी एकट्यानं, कधी कॅबिनेटच्या बैठकीत. 2000 च्या स्थानिक शासन कायद्यानं इंग्लंडमधल्या बहुतेक परिषदा या वाटेवर आल्या. एक ओळखीचा चेहरा मिळतो, त्याला रस्त्यात गाठून विचारता येतं, आणि निर्णय लवकर होतो. देखरेखीसाठी छाननी समिती असते आणि कॅबिनेटमधल्या कोणालाही तिच्यात बसता येत नाही. घेतलेला पण अजून अमलात न आलेला निर्णय ती फेरविचारासाठी परत पाठवू शकते. त्यासाठी मुदत बहुतेक ठिकाणी पाच कामकाजाचे दिवस.

इथे नवे सदस्य हमखास फसतात. छाननी समितीला नकाराधिकार नाही. ती निर्णय परत पाठवते, कॅबिनेट त्याच आठवड्यात पुन्हा बसतं, ‘समितीच्या सूचनांचा विचार केला, निर्णय कायम’ असं लिहितं आणि वाचनालय पाचला बंद होऊ लागतं. त्यात छाननी समितीत बहुमत सत्ताधाऱ्यांचंच असेल तर परत पाठवण्यापर्यंतही गाडी जात नाही. जुनी इतिवृत्तं काढून बघा. ‘अहवालाची नोंद घेण्यात आली’ हे वाक्य सलग तीन-चार सभांत दिसलं, तर ती समिती फक्त पोस्टाची पेटी झाली आहे असं खुशाल समजा.

पण छाननीची एक बाजू समितीपेक्षा सरस आहे आणि ती फार कमी वापरली जाते. मतदानाचा भार डोक्यावर नसल्यामुळे ती निर्णय व्हायच्या कितीतरी आधी विषय हाती घेऊ शकते. चार सदस्यांचा लहान गट नेमायचा, पाच ते सातच्या वेळेत तिन्ही शाखांत जाऊन बसायचं, कोण येतं ते पाहायचं, ग्रंथपालांना आणि शाळेतल्या शिक्षकांना बोलवायचं आणि प्रस्तावाचा मसुदा तयार होण्याआधीच शिफारस द्यायची. अशी शिफारस डावलणं कॅबिनेटला जड जातं. आठवडाभर आधी दिलेलं दोन पानी टिपण निर्णयानंतरच्या वीस पानांपेक्षा जास्त काम करून जातं.

ट्रस्टकडे कारभार असेल तर या प्रस्तावाचं काय होतं? तो ट्रस्टच्या संचालक मंडळात जातो. करारात शाखानिहाय किमान तास लिहिलेले असतील तर ट्रस्टला परिषदेकडे यावंच लागतं. नुसतं ‘वाजवी वेळेत सेवा देण्यात येईल’ असं लिहिलं असेल, तर परिषदेच्या सदस्याला बातमी कळते ती इतरांसारखीच, दारावरच्या कागदावरून.

ट्रस्टबद्दल जरा सविस्तर, कारण मोह इथेच पडतो

ट्रस्टचा प्रस्ताव मांडला जातो तेव्हा त्याचं कौतुक दोन शब्दांत होतं: बचत आणि व्यावसायिकता. बचत खोटी नव्हती. 1993 मध्ये लंडनच्या ग्रेनिच भागात कपातीच्या तोंडावर क्रीडासंकुलं कर्मचाऱ्यांच्याच मालकीच्या एका सामाजिक संस्थेकडे गेली आणि ती संस्था पुढे देशभर पसरली. धर्मादाय संस्थेला इंग्लंडमध्ये व्यावसायिक इमारतीवरच्या स्थानिक करात 80 टक्के सूट मिळते. विना-नफा संस्थेनं दिलेल्या क्रीडासेवेला मूल्यवर्धित करातूनही सवलत होती, तर परिषदेनं स्वतः चालवलेल्या तरणतलावाचा हिशेब वेगळा लागायचा. मात्र न्यायालयीन लढायांनंतर 2023 मध्ये कर खात्यानं परिषदांच्या क्रीडासेवांबाबतची भूमिका बदलली आणि हा दुसरा फायदा बराच पातळ झाला. कोणी जुन्या सादरीकरणातल्या करबचतीचा तक्ता दाखवत असेल तर त्यावरचं वर्ष आधी बघा.

मग छप्पर. बहुतेक करारांत इमारतीचा सांगाडा परिषदेचा आणि रोजची देखभाल चालवणाऱ्याची अशी वाटणी असते. तरणतलावाच्या हॉलमध्ये क्लोरीनमिश्रित दमट हवा कायम असते, ती लोखंड खाते. एक दिवस छताचा पत्रा गळू लागतो. ट्रस्ट म्हणतो, छप्पर म्हणजे सांगाडा. परिषद म्हणते, पन्हळी वेळेवर साफ केल्या नाहीत म्हणून गळतंय, ही देखभाल. मधल्या काळात खाली बादली, आणि लहान मुलांच्या पोहण्याच्या वर्गाला सुट्टी. विषय समिती आणि छाननी या दोन्ही पद्धतींत हा वाद एकाच घरातला असतो. ट्रस्टच्या बाबतीत त्याला दोन वकील लागतात.

तिसरी गोष्ट माहितीची. ‘आमचे दोन नगरसेवक मंडळावर आहेत, काळजी नको’ असं सांगितलं जातं. पण त्या खुर्चीत बसलेल्या नगरसेवकानं कायद्यानं ट्रस्टचं हित पाहायचं असतं, परिषदेचं नाही. मंडळात ऐकलेलं तो छाननी समितीत सांगू शकेलच असं नाही, आणि आकडे मागितले की ‘व्यावसायिक गोपनीयता’ आडवी येते. स्कॉटलंडनं यावर थेट उपाय केला: एप्रिल 2014 पासून परिषदांनी स्थापन केलेल्या अशा अनेक सांस्कृतिक आणि क्रीडा ट्रस्टना माहिती-अधिकार कायदा लागू झाला. तुमच्याकडे तशी तरतूद नसेल तर तेच कलम करारात घालून घ्या.

आणि चालवणारा बुडाला तर? लंडनमधल्या क्रॉयडनची वाचनालयं ट्रस्टकडे नव्हे, कंपनीकडे होती, पण धडा तोच. ज्या कंपनीला काम मिळालं तिचा तो विभाग 2013 मध्येच कॅरिलियन या बड्या बांधकाम-सेवा कंपनीनं विकत घेतला, म्हणजे परिषदेनं निवडला एक आणि वाचनालयं चालवायला आला दुसराच. जानेवारी 2018 मध्ये कॅरिलियन दिवाळखोरीत गेली आणि परिषदेनं वाचनालयं परत स्वतःकडे घेतली. सफोकमध्ये कोणी बुडालं नाही. तिथे 2012 मध्ये स्वतंत्र संस्थेकडे गेलेली वाचनालयं नव्या करारावर एकमत न झाल्यानं 2025 मध्ये परत परिषदेकडे आली. अशी परतीची वेळ आली तर तोवर परिषदेत हे काम येणारं माणूस उरलेलं असतं का, हा खरा प्रश्न.

कुठलीही पद्धत घ्या, आकडा तपासा

तिन्हीकडे ‘भेटींची संख्या’ मोठ्या अक्षरांत छापतात. एका शाळेची 30 मुलं दहा आठवडे आठवड्याला एकदा पोहायला आली तर अहवालात 300 भेटी दिसतात. माणसं मात्र 30. भेटी वाढल्या म्हणजे नवे लोक आले असं नाही. आधीचेच जास्त वेळा आले असतील. म्हणून दोन आकडे वेगळे मागा, वेगवेगळी माणसं किती आणि कुठल्या वस्तीतून किती, आणि तिसरी गोष्ट म्हणजे गेल्या वर्षी यायचे पण यंदा फिरकले नाहीत असे किती. हा तिसरा आकडा कोणी आपणहून देत नाही.

मग कोणी काय घ्यावं

परिषद लहान असेल, चार-पाच इमारती आणि ओळखीचे सदस्य, तर माझा कौल सरळ विषय समितीला. छाननीचा वेगळा डोलारा उभा करायला तिथे माणसंच पुरत नाहीत. 2000 च्या कायद्यानंही 85,000 पेक्षा कमी लोकसंख्येच्या परिषदांना समित्या ठेवायची मुभा दिली होती.

मोठ्या शहरात मन दोन्हीकडे ओढतं. शेफील्डमध्ये रस्त्याकडेच्या झाडांच्या तोडीवरून लोकांचा विश्वास उडाला. मे 2021 च्या सार्वमतात सुमारे 65 टक्के मतं समिती पद्धतीला पडली आणि वर्षभरानं ती सुरू झाली. ब्रिस्टलनं 2022 मध्ये थेट निवडून येणारा महापौर नाकारला आणि मे 2024 पासून समित्या आणल्या. लोक चिडले की समितीकडे वळतात, कारण तिथे त्यांच्या वॉर्डाच्या माणसाला मत असतं. तरीही वाचनालयं, संग्रहालयं आणि क्रीडासंकुलं यांचा पसारा मोठा असेल तर मी छाननी पद्धतच घेईन, दोन अटींवर: अध्यक्षपद विरोधी बाकाकडे, आणि पुढच्या वर्षभरात येऊ घातलेल्या निर्णयांची यादी समितीच्या हातात आजच. या दोनपैकी एकही मिळत नसेल तर छाननीचा आग्रह सोडून समितीच मागा.

ट्रस्ट हा या दोघांना पर्याय नाहीच. कारभार ट्रस्टकडे गेला तरी त्याच्याकडून हिशेब घेणारं कोणीतरी परिषदेत लागतंच, म्हणजे समिती की छाननी हा प्रश्न पुन्हा तिथेच उभा. इंग्लंडमध्ये परिषदेनं स्वतःच्या ठरावानं पद्धत बदलली तर 2011 च्या लोकॅलिझम (स्थानिकता) कायद्यानुसार पाच वर्षं तशाच ठरावानं पुन्हा बदलता येत नाही. ट्रस्टचे करार त्याहून लांब, दहा-पंधरा वर्षांचेही असतात. तेव्हा असा करार मंजुरीला आला तर सुरुवातीची ध्येयधोरणं बाजूला ठेवा आणि मुदत संपण्याचं कलम आधी काढा. पुस्तकं, पाणी गाळायची यंत्रं, आगाऊ भरलेली वर्गणी आणि सभासदांची यादी त्या दिवशी कोणाची, हे तिथे नावनिशीवार लिहिलेलं नसेल, तर विषय तहकूब करायची सूचना मांडा.