पाण्याची पाइप लेव्हल: साडेतीन स्टार, बाकीचे बुडबुड्यांनी खाल्ले

आमचा ग्रुप सुट्टीच्या दिवशी ओढ्याच्या वरच्या उतारावर समतल चर खणायला जातो, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत राहणारे, पाणी अडवणारे चर. इतके दिवस आखणी लाकडी ए-फ्रेमने चालायची, म्हणजे दोन पाय, मधे आडवी पट्टी आणि वरून सोडलेला ओळंबा. काम चोख, पण एका वेळी जेमतेम एक ढांग पुढे सरकायचं आणि वारा सुटला की ओळंबा डुलत राहतो नि आपण त्याच्या तोंडाकडे बघत उभे. शेवटी वर्गणी काढून ही तयार पाइप लेव्हल मागवली. दोन पट्ट्या, त्यांवर सेंटिमीटरच्या खुणा आणि दोन्हीला जोडलेली १२ मीटरची पारदर्शक नळी, बस.

स्पीडला तोड नाही. एक जण खुंटीपाशी उभा, दुसरा आठ-नऊ मीटर पुढे जाऊन वरखाली सरकत जागा शोधतो, दोन्हीकडे पाणी सारख्या आकड्यावर आलं की फक्कीची खूण मारायची आणि पुढे. मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे ही वस्तू डोळ्यांना खोटं पाडते. एका वळणावर आमच्यातले एक काका अडूनच बसले, अरे रेघ सरळसरळ चढावर चाललीय, पाणी काय उलटं वाहणार का? मलाही तसंच वाटत होतं खरं तर. नळी दोनदा लावली, दोन्हीदा फरक शून्य. पहिल्या पावसानंतर त्याच चरात पाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत परातीत ओतल्यासारखं सपाट उभं होतं. काका काही बोलले नाहीत, फोटो मात्र त्यांनीच काढला.

आता गोम सांगतो, जी सोबतच्या कागदावर कुठेच लिहिलेली नाही. एका पट्टीवर पाणी २ सेंमी वर चढलं तर दुसऱ्या पट्टीवर २ सेंमी उतरतं, म्हणजे जमिनीतला फरक २ नाही, ४ सेंमी. नवीन माणूस एकाच पट्टीकडे बघतो आणि हमखास फसतो. शिवाय ज्या पट्टीवर पाणी वर दिसतं ती जागा खाली असते, हे डोक्यात बसायला आम्हाला दोन दिवस लागले, तोपर्यंत नुसती भांडणं.

आणि बुडबुडे! नळी नळाला लावून भरली की आत हवा अडकते आणि आकडे बिनधास्त चुकतात. बादली उंचावर ठेवून तोंडाने ओढून हळूहळू भरायची, मग नळी बोटाने टिचकत बुडबुडे वर काढायचे आणि काम सुरू करण्याआधी दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी उभ्या करून आकडा सारखा येतो का ते बघायचं. थोडं पाणी सांडलं तर घाबरू नका, दोन्हीकडची पातळी सारखीच उतरते, फरक तोच राहतो.

आमची फजिती वेगळीच. नेताना पाणी सांडू नये म्हणून टोकांना बुचं दिलीत, त्यातलं एक काढायचं राहिलं. बुच असलं की हवा दाबली जाते आणि पाणी आपल्या पातळीला येतच नाही. त्या सकाळी तीन चर खणून झाले आणि पाऊस आल्यावर तिन्ही एकाच कोपऱ्यातून उतू गेले. २ मीटर लांब, ६० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल चरात ३६० लिटर मावतं, पण एका टोकाचा काठ १० सेंमी खाली राहिला तर तळ सपाट असूनही २४० च, आणि वर सगळा लोंढा त्याच जागी बांधावरची माती कापत खाली जातो. गाळ ओढ्यात जाऊ नये म्हणून खणलेल्या चरानेच गाळ पाठवला. चूक आमचीच, पण बुचं लाल रंगाची दिली असती तर दिसली तरी असती.

क्वालिटीबद्दल तक्रार आहे. खुणांचे स्टिकर दुसऱ्याच आठवड्यात ओले होऊन सुटले. नळी बारीक आहे, त्यामुळे पाणी स्थिरावायला वेळ लागतो आणि बुडबुडा अडकला की हलत नाही. गुंडाळी सोडल्यावर नळी पुन्हा वेटोळं घालते ते वेगळंच.

ग्रुप मोठा असेल आणि उतार लांब असेल तर घ्या. दोघं-तिघंच असाल, खडकाळ तुटक जागा असेल, तर ए-फ्रेमच बरी, फक्त दोन्ही पायांची अदलाबदल करून आडव्या पट्टीवरची मधली खूण आधी तपासून घ्या. आमच्या पट्ट्यांवर आता खिळ्याने कोरून वर रंग भरलाय, ७ आणि १ जरा सारखेच दिसतात, पण पुसले तरी जात नाहीत.