चॅरिटीसाठी हायस्कूल ऑल-स्टार सामना: फुटबॉल घ्यावा की बास्केटबॉल?

अमेरिकेत हायस्कूलच्या निवडक खेळाडूंचा सामना भरवून त्याचा पैसा एखाद्या चांगल्या कामाला द्यायची पद्धत जुनी आहे. नॉर्थ आणि साउथ कॅरोलिना या राज्यांमधला श्राइन बोल हा फुटबॉलचा (म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा, सॉकरचा नव्हे) सामना 1937 पासून खेळला जातोय आणि त्याचं उत्पन्न श्राइनर्स या सेवाभावी संघटनेच्या मुलांच्या हॉस्पिटलांना जातं. तुमचा बूस्टर क्लब (शाळेच्या संघांसाठी पैसे जमवणारा गट) किंवा पालकांचा गट पहिल्यांदाच असं काही करायचं म्हणत असेल, तर आधी खेळ ठरवा, कारण खर्च, तारीख आणि जोखीम या तिन्ही गोष्टी त्यावरच ठरतात. माझं मत सुरुवातीलाच सांगते: पाठीशी मोठी संस्था नसेल तर बास्केटबॉल घ्या.

फुटबॉलचा मोह पडतो तो गर्दीमुळे. स्टेडियम मोठं, बँड आहे, चिअरलीडर्स आहेत, गावंच्या गावं आपल्या मुलाला बघायला येतात. पण कागदावर हिशेब मांडला की चित्र बदलतं. एका संघात पस्तीस-चाळीस मुलं, म्हणजे दोन्ही मिळून सत्तर-ऐंशी. ती वेगवेगळ्या शाळांची, एकमेकांसोबत कधीच न खेळलेली. त्यामुळे आठवडाभराचं शिबिर घ्यावंच लागतं, आणि तेवढे दिवस सगळ्यांची राहण्या-जेवणाची सोय. खेळाडूंचे पॅड, अ‍ॅथलेटिक ट्रेनर, मैदानाच्या कडेला अ‍ॅम्ब्युलन्स, जून-जुलैच्या उन्हात सरावाच्या वेळा, सगळं तुमच्या अंगावर. कमी सरावात कोणी जखमी होऊ नये म्हणून अशा सामन्यांत ब्लिट्झवर (जादा बचावपटूंनी एकदम क्वार्टरबॅकवर धावून जाण्यावर) बंदी घालतात आणि बचावाच्या रचना साध्या ठेवायला लावतात. हे नियम दोन्ही प्रशिक्षकांकडून लेखी मान्य करून घ्या.

हेल्मेटचंच बघा. बऱ्याच ऑल-स्टार सामन्यांत प्रत्येक मुलगा आपल्या शाळेचं हेल्मेट घालून उतरतो. एका रांगेत इतक्या रंगांची हेल्मेटं बघायला फार छान वाटतं, आणि डोक्याच्या मापाला बसलेलं हेल्मेट सुरक्षितही असतं. पण हंगाम संपला की अनेक शाळा हेल्मेटं तपासणी-दुरुस्तीसाठी कंपनीकडे पाठवतात. ती कधी परत येणार, उन्हाळ्यात बाहेर द्यायला अ‍ॅथलेटिक डायरेक्टर तयार आहेत का, हे प्रत्येक शाळेला हिवाळ्यातच विचारावं लागतं.

आणखी एक अडचण अलीकडची. 2017 च्या डिसेंबरपासून कॉलेज फुटबॉलमध्ये खेळाडूने कॉलेजशी करारावर लवकर सही करायची सोय झाली. तेव्हापासून चांगल्या खेळाडूंपैकी बरेच जण हायस्कूल लवकर संपवून जानेवारीतच कॉलेजात दाखल होतात. मग उन्हाळ्याच्या सामन्याला तुमच्या पोस्टरवरची नावंच उरत नाहीत. जे उरतात त्यांच्या कॉलेजच्या प्रशिक्षकांनाही, स्कॉलरशिप मिळालेल्या मुलाने गुडघा पणाला लावावा असं वाटत नाही. त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही.

बास्केटबॉलला एका संघात दहा-बारा मुलं पुरतात. एक-दोन सराव झाले की ती नीट खेळू लागतात. जिम, म्हणजे छताखालचं कोर्ट, शाळेचंच, पावसाची भीती नाही, आणि सामना आठ-आठ मिनिटांच्या चार डावांचा. त्यामुळे एकाच संध्याकाळी आधी मुलींचा आणि मग मुलांचा सामना बसतो. एका तिकिटात दोन्ही सामन्यांतल्या खेळाडूंच्या कुटुंबांची गर्दी येते, मध्ये तीन-पॉइंट शूटआउट ठेवता येतो. मॅकडोनाल्ड्स ऑल-अमेरिकन गेम 1978 पासून चालू आहे, मुलींचा सामना त्यात 2002 मध्ये आला. त्याचा फायदा रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाऊस चॅरिटीजला होतो, म्हणजे आजारी मुलांच्या कुटुंबांना हॉस्पिटलजवळ राहायला घर देणाऱ्या संस्थेला. या संस्थेचं पहिलं घर 1974 मध्ये फिलाडेल्फियात उघडलं, त्यामागे ईगल्स या फुटबॉल संघाच्या माणसांची धडपड होती. बास्केटबॉलचा तोटा एकच: जिममध्ये जितक्या खुर्च्या तितकंच तिकिटाचं उत्पन्न.

म्हणूनच कोणताही खेळ घ्या, तिकिटांच्या भरवशावर बसू नका. सगळा खर्च प्रायोजकांकडून आधीच निघेल अशी बांधणी करा, म्हणजे दाराशी जमलेला प्रत्येक डॉलर थेट संस्थेकडे जाईल. असं सांगता आलं की लोकही हात सैल सोडतात. सॉफ्टबॉल किंवा व्हॉलीबॉल याहून स्वस्तात होतात, पण प्रायोजक मिळवणं अवघड जातं.

फुटबॉल घ्यायचाच असेल तर राज्याच्या प्रशिक्षक संघटनेला किंवा एखाद्या सेवाभावी क्लबला भागीदार करून घ्या. निवड त्यांनी करावी, म्हणजे ‘अमक्याचा मुलगा घेतला’ ही कुरकुर तुमच्यापर्यंत येत नाही. पेनसिल्व्हेनियाच्या बिग 33 सामन्यात खेळाडूंची जोडी विशेष गरजा असलेल्या मुलांशी लावतात. ही कल्पना मला सगळ्यांत आवडते आणि ती बास्केटबॉललाही तितकीच लागू पडते. आपण कोणासाठी खेळतोय हे अठरा वर्षांच्या मुलाला भाषणातून कळत नाही, ज्याच्यासाठी खेळतोय त्या मुलासोबत एक दुपार घालवली की कळतं.

तारीख जाहीर करण्याआधी राज्याच्या हायस्कूल क्रीडा संघटनेची मान्यता घ्या, आणि शक्यतो हंगाम संपलेले सीनियर, म्हणजे हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाचे खेळाडूच घ्या. बऱ्याच राज्यांत ज्युनियर (त्याच्या आधीच्या वर्षाचा) खेळाडू अशा सामन्यात उतरला तर त्याचं पुढचं वर्ष धोक्यात येऊ शकतं. कोणालाही मानधन देऊ नका, बक्षीसही नियमात बसतं का ते विचारा. जेवणासह महागडं तिकीट ठेवणार असाल तर देणाऱ्याला करसवलत फक्त जेवण आणि सामन्याच्या किमतीपेक्षा जास्त दिलेल्या रकमेवर मिळते. तिकीट 75 डॉलरच्या वर गेलं तर ही विभागणी संस्थेने देणाऱ्याला लेखी कळवावी लागते. तिकिटावरच छापून टाका, पुढची पत्रापत्री वाचेल.